बुरजाची मागची बाजू

मी ३१ वर्षं जमिनीची मोजणी केली. साखळी ओढली, नजर लावून रेषा ओढायचा फलक मांडला, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीनही वापरलं. हद्दीचा दगड शोधणं हा रोजचा धंदा. कोयत्याने घाणेरी बाजूला सारून, टिकावाचे चार घाव घालून ‘हा घ्या तुमचा दगड’ म्हणताना शेतकऱ्याचा चेहरा असा काही उजळतो की त्याची चटकच लागते. निवृत्तीनंतर त्याच चटकेपायी एका ऑक्टोबरात मी दोन पोरांसकट जंगलात साडेतीन तास भरकटलो. चुकलो दगडांमुळे आणि सुटलो तेही दगडांमुळेच, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय.

कशासाठी गेलो होतो

शहापूर तालुक्यातला ठाकरांचा एक पाडा. नाव देत नाही. पाड्याने सामूहिक वनहक्काचा दावा करायचं ठरवलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा वनहक्क समिती नेमते, दहा ते पंधरा जणांची. ही समिती आपल्या वापरातल्या जंगलाची हद्द फिरून पाहते, नकाशा करते, पुरावे जोडते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर नियमांप्रमाणे तोही पुरावाच धरला जातो. मला बोलावलं होतं नकाशासाठी. माझ्या पिशवीत गावनकाशाची झेरॉक्स होती, एका इंचाला वीस साखळ्या या प्रमाणाची, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. शिवाय दाव्याच्या कागदांतली वनकक्षांची यादी.

साग, ऐन, धावडा, मधूनमधून मोह असं ते जंगल. पाऊस नुकताच सरलेला, गवत छातीपर्यंत. सकाळी आठला अकरा जण निघालो. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर एका पाझराची नोंद राहिली होती, ती घेऊन येतो म्हणून मी दोन पोरांना घेऊन बाजूला झालो. एक भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला, सुट्टीवर आलेला. दुसरा शहापूरला आयटीआय करणारा. दोघेही पाड्यातलेच, पण जंगलात गेलेले लहानपणी गुरांमागे तेवढेच. त्यांच्या ओळखीचं जंगल पहिल्या दोन नाल्यांपर्यंत संपत होतं. हे मला आधी विचारायला हवं होतं.

पाझर सापडला. परतताना दोनच्या सुमाराला परतीच्या पावसाची सर आली आणि चांगली पाऊणएक तास झोडपत राहिली. एका ऐनाखाली उभे राहिलो. पाऊस थांबला तेव्हा गवत झोपलं होतं आणि आम्ही आलो ती मळलेली रेघ कुठेच दिसेना. आभाळ गच्च, सूर्य कुठल्या बाजूला आहे ते कळेना. सव्वातीनला मी स्वतःशी कबूल केलं की चुकलो. पोरांना सांगायला आणखी दहा मिनिटं घेतली.

फोनचं विचाराल तर माझा भिजून बंद पडला होता. गोडाऊनवाल्याच्या फोनला रेंज नव्हती, आणि नकाशा आधी उतरवून घेतलेला नसल्यामुळे कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा दिसत होता. आपण आहोत एवढं त्याला ठाऊक होतं, कुठे ते नव्हतं. हाका मारल्या. मधूनच कसारा लाइनवरच्या गाडीचा भोंगा ऐकू यायचा, पण डोंगरात तो आदळून दोन्हीकडून यायचा. आयटीआयवाला म्हणाला, ओढ्याने खाली जाऊ. साधारणपणे बरा सल्ला आहे, पण तिथे नको होता. त्या बाजूचे नाले धरणाच्या फुगवट्याला मिळतात. काठाला ना घर, ना रस्ता, नुसता गाळ. संध्याकाळी तिथे अडकलो असतो.

पहिली चूक: २३

साडेतीनला घाणेरीच्या जाळीत एक ढिगारा दिसला. कमरेएवढा, दगडावर दगड रचलेला, कुठेकुठे चुन्याचा पांढुरका थर. समोरच्या दगडावर लाल रंगाने काढलेला आकडा: २३. वर आणखी काही अक्षरं होती, ती धुऊन गेली होती.

माझा जीव भांड्यात पडला. झेरॉक्स काढली, तर गावाच्या पूर्वेला सर्व्हे नंबर २३ होताच. नकाशावर त्याच्या कोपऱ्यापासून दुसरा कोपरा पश्चिमेला साधारण दहा साखळ्यांवर. आमच्याकडची जुनी शंकू साखळी ३३ फुटांची. दहा साखळ्या म्हणजे ३३० फूट, माझी सव्वाशे-दीडशे पावलं. ‘चला,’ म्हटलं, ‘पुढचा दगड दाखवतो.’

दीडशे पावलं झाली, दगड नाही. दोनशे झाली. मी म्हटलं, चढ आहे, पाऊल आखूड पडतंय. डावीकडे शोधलं, उजवीकडे शोधलं. एक उघडा खडक दिसला, त्यालाच ‘हा असावा’ म्हणून पाहिलं. चाळीस मिनिटं गेली.

आता घरी बसून लिहिताना लाज वाटते ती अशी, की चुकायला जागाच नव्हती. महसुली मोजणीचा दगड म्हणजे एकच दगड, जमिनीत पुरलेला, वर वीतभर दिसणारा. तो सर्व्हे नंबरच्या कोपऱ्यावर असतो आणि त्याच्यावर कोणी रंगाने आकडे काढत बसत नाही. त्याचा आकडा नकाशावर असतो, टिपणात म्हणजे मोजणीच्या नोंदकागदात असतो. दगड रचून केलेला, चुना फासलेला, आकडा रंगवलेला असतो तो वनखात्याचा बुरूज. मध्य प्रदेशात त्यालाच मुनारा म्हणतात. हे मला माहीत होतं. वनहद्दीला लागून असलेल्या कितीतरी मोजण्यांत असे बुरूज मी पाहिलेत, त्यांच्याशी हद्द जुळवली आहे. पण घाबरलेल्या माणसाला ओळखीचा आकडा दिसला की तो दगड बघत नाही, आकडाच बघतो. ती धुऊन गेलेली अक्षरं होती ‘क.क्र.’, म्हणजे कक्ष क्रमांक.

वनखातं आपलं जंगल कक्षांमध्ये वाटून घेतं. प्रत्येक कक्षाला आकडा, आणि हद्द शक्यतो निसर्गातलीच: नाला, डोंगराची सोंड, गाडीरस्ता. तसं काही सापडलं नाही तर झुडपं तोडून सरळ ओळ काढतात आणि तिच्यावर बुरूज उभे करतात. माझ्या झेरॉक्सवरचा २३ आणि त्या ढिगाऱ्यावरचा २३ यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन खात्यांनी दोन वेगळ्या कामांसाठी काढलेले आकडे, योगायोगाने सारखे.

दुसरी चूक: सोपी वाट

चार वाजून गेल्यावर एकदम मोकळ्या पट्टीत आलो. तीनेक मीटर रुंदीची ओळ, झुडपं तोडलेली, नवा फुटवा गुडघ्याएवढा. कडेच्या सागांना छातीच्या उंचीवर डांबराचा काळा पट्टा आणि त्याला लागून गेरूचा. पोरं खूश. आयटीआयवाला म्हणाला, ‘सर, कोणीतरी रस्ता केलाय म्हणजे कुठंतरी जात असणारच.’

मलाही पटलं. बुद्धी चालत नसते तेव्हा पाय चालणं बरं वाटतं.

चालत राहिलो. ओळ सरळ गेली, काटकोनात वळली, पुन्हा सरळ. दुसऱ्या वळणावर मोहाच्या झाडाखाली एक पाषाण होता, शेंदूर फासलेला, त्यावर चंद्रसूर्य आणि मध्ये वाघ. वाघोबा. समोर दोनतीन जुन्या करवंट्या. दोघा पोरांनी चपला काढून हात जोडले, मीही जोडले. आयटीआयवाला पुटपुटला, ‘देवा, घरी ने.’ पुढे निघालो. हा प्रसंग लक्षात ठेवा.

पाच वाजून गेले होते. ओळीच्या कडेला पुन्हा एक बुरूज लागला, आकडा २४. मी म्हटलं, चला, निदान पुढे तरी सरकतोय. गोडाऊनवाला बोलला नाही. तो घाणेरीत शिरून बुरजाच्या मागे गेला आणि तिथूनच ओरडला, ‘काका, हा तोच आहे.’

त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. आमचाच, साडेतीनला खाऊन टाकलेला. मागून आकडा २३, पुढून २४.

इथे मला खरा घाम फुटला. मोजणीत आपण हद्दीने फिरत फिरत पुन्हा सुरुवातीच्या दगडावर येतो आणि आकडे जुळतात, तेव्हा म्हणतो, मोजणी बंद झाली. त्या क्षणासाठी मी ३१ वर्षं दिवस दिवस उन्हात उभा राहिलो. आणि त्या संध्याकाळी रेघ स्वतःलाच येऊन मिळाली तर माझ्या पोटात गोळा आला. जी गोष्ट मला कोणाहीपेक्षा आधी सुचायला हवी होती, ती ही: हद्द कुठे जात नसते, ती कशाच्या तरी भोवती असते. आम्ही चालत होतो ती कूपाची ओळ होती. झाडतोडीसाठी कक्षातला एक तुकडा आखतात, तो कूप. त्याच्या चारी बाजूंनी ओळ तोडतात, कडेच्या झाडांना पट्टे मारतात. वीसेक हेक्टरचा चौकोनी कूप धरला तर त्याचा घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास भरतो. झुडपांतून, चढउतारावरून, तेवढीच आमची पन्नास मिनिटं. रात्रभर फिरलो असतो तरी त्याच चौकोनावर राहिलो असतो.

गोडाऊनचं गणित

पाच वीसला बुरजाच्या पायाशी बसलो. सूर्यास्ताला पाऊणएक तास. पाण्याची एक बाटली उरलेली. मी गप्प होतो. मघाशी ज्या ठसक्यात ‘पुढचा दगड दाखवतो’ म्हटलं होतं, तो ठसका उतरला होता.

गोडाऊनवाला म्हणाला, ‘आमच्याकडे रॅकला असंच असतं. ज्या गल्लीत उभं राहाल तिकडून त्या गल्लीचा नंबर दिसतो. मागच्या गल्लीत गेलं की त्याच खांबावर दुसरा नंबर.’

त्याला कक्ष-बिक्ष काही माहीत नव्हतं. पण त्याने जे सांगितलं तेच बरोबर होतं. इकडच्या बाजूला उभं राहून २३ दिसतो म्हणजे आपण २३ मध्ये उभे. तिकडून २४ दिसतो म्हणजे पलीकडे २४. म्हणजे हा बुरूज २३ आणि २४ यांच्यामधल्या रेघेवर उभा. (सगळीकडे असंच रंगवतात असं नाही. त्या जंगलात तसं होतं.)

दाव्याचे कागद काढले. यादीत कक्ष २३ समोर पेन्सिलीने कोणीतरी लिहिलं होतं, ‘पाड्याकडील बाजू’. २४ शेजारच्या गावाच्या अंगाला. दोन्ही कक्ष खालच्या बाजूला मालकीच्या जमिनींना भिडलेले. म्हणजे या दोघांमधली रेघ धरून उतारावर गेलं, तर ती कुठेतरी जंगलाच्या बाहेरच्या हद्दीला जाऊन मिळणार. कूपासारखी ती स्वतःला येऊन मिळणार नाही, कारण ती दोन तुकड्यांमधली रेघ आहे, एका तुकड्याभोवतीची नाही. एवढं लक्षात आल्यावर मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं.

वर की खाली हा प्रश्न सोपा होता. भाताची खाचरं खाली असतात. रेघ एका सोंडेवरून उतरत होती. एक जण बुरजापाशी उभा, दुसरा पुढे जाऊन शोधणार, सापडला की हाक. पुढचा बुरूज साठएक पावलांवर, अर्धा ढासळलेला, पण २३ आणि २४ दोन्ही वाचता आले. त्याच्या पुढचा नुसता दगडांचा पसारा, वारुळासारखा. तो बुरूज आहे की नुसते दगड, हे कसं ठरवायचं? आयटीआयवाल्याने एक दगड उलटा केला, खालच्या बाजूला चुना. मान्य. चौथा सापडेचना, तेव्हा मी पोरांना उभं करून तिसऱ्यावरून दुसऱ्याच्या रेषेत नजर लावली आणि तशीच पुढे टाकली. फलकाची सवय तेवढी उपयोगी पडली. बरोबर रेषेत, पळसाच्या मुळांत, तीन दगड.

इथे एक आडगोष्ट. ज्या दगडांमुळे आपण वाचलो ते इतकी वर्षं जागेवर राहतात कसे, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. ठाणे-रायगडकडे शिलाहारांच्या काळातले गधेगाळ सापडतात: वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि बाई, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी, दगडात कोरून ठेवलेली. इंग्रजांनी शिवी काढून कलम घातलं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम ६३ प्रमाणे वनहद्दीची खूण हलवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन्हींपैकी कशाची भीती जास्त, ते मी सांगत बसत नाही. मोजणीत मी हलवलेले दगडही बरेच पाहिलेत.

कोरी बाजू

पाच पन्नासला जो बुरूज लागला तो इतरांपेक्षा मोठा, चुन्यात बांधलेला होता. दोन अंगांना आकडे, २३ आणि २४. तिसरं अंग कोरं. गोडाऊनवाला त्या अंगाला हात फिरवून म्हणाला, ‘इकडं काहीच नाही. पुसलंय की लिहिलंच नाही?’

लिहिलंच नव्हतं. त्या बाजूला कक्षच नव्हता. तिथे जंगल संपत होतं.

आणि खरोखरच, वीस पावलं गेलो तर ऐन दिसले, पण कसे? खांबासारखे सरळ, फांद्या छाटलेले, अंगभर नुसती पालवी. भाताच्या रोपांची जमीन पेरणीआधी भाजायची, त्याला राब म्हणतात, आणि त्यासाठी मालकीच्या वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीतल्या झाडांची दरवर्षी छाटणी होते. राखीव जंगलात असा ऐन उभा दिसत नाही. बुरूज नसता तरी त्या झाडांनी सांगितलं असतं की आपण कोणाच्या तरी जमिनीत आलोय.

आता मात्र माझा अंमल सुरू झाला. वरकसाच्या बांधावर वीतभर दगड, एकटा, पुरलेला. झेरॉक्सवर वनहद्दीच्या तुटक रेघेचा कोपरा शोधला, तिथून गाडीवाट चौदा साखळ्यांवर. या वेळी पावलं मोजली तर जमली. गाडीवाटेला लागलो तेव्हा अंधार पडला होता. समोरून बॅटऱ्या हलवत सातआठ जण येत होते. वनहक्क समितीचे अध्यक्षही होते. ते आधी पोरांवर ओरडले आणि मग माझ्याकडे पाहून गप्प झाले. वयाचा मान राखला, एवढंच.

बाबांचा जबाब

दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या सगळ्यात वयस्कर बाबांच्या ओट्यावर बसून मी हे सगळं सांगितलं. बुरूज कुठे कुठे आहेत ते त्यांना पाठ होतं, आकडा मात्र एकाचाही माहीत नव्हता. त्यांच्यासाठी तो ‘चुन्याचा दगड’. तरुणपणी कूपाच्या कामावर मजुरी केलेली, त्यामुळे ओळ कुठून कुठे जाते हे त्यांनी काठीने मातीत काढून दाखवलं. माझ्या चौकोनापेक्षा तो चौकोन बरा होता.

दुसऱ्या वळणावर त्यांची काठी थांबली. ‘इथं वाघोबा हाय. दिसला का?’

म्हटलं, दिसला. हात जोडले.

‘आन मग?’

मग काय, पुढे गेलो.

बाबा बराच वेळ हसले. मग त्यांनी वाघोबाच्या मागून एक रेघ ओढली, थेट पाड्यापर्यंत. दरवर्षी वाघबारसेला सगळा पाडा त्या देवाला जातो. नारळ, कोंबडं, पोरंटोरं, सगळं घेऊन. वसुबारसेच्याच दिवशी. त्यासाठी आदल्या दोन दिवसांत वाट साफ करतात. आम्ही गेलो तेव्हा वाघबारसेला आठवडा होता, म्हणून गवत उभं होतं आणि वाट दिसली नाही. पण करवंट्या होत्या. करवंट्या आपल्या पायांनी चालत येत नाहीत.

मी हिशेब केला. वाघोबापासून पाडा पंचवीस मिनिटांवर. आम्ही तिथे होतो साधारण पावणेपाचला.

महिनाभराने पुन्हा गेलो तेव्हा वाट झाडलेली होती. बुरजापासून वाघोबापर्यंत साखळी टाकून घेतली आणि नकाशावर दोन्ही ठिकाणं बसवली. दाव्यात ‘हद्दीच्या खुणा’ असा रकाना आम्ही केला होता. मी सवयीने आधी बुरूज लिहिले, कक्षांच्या आकड्यांसकट, आणि शेवटी वाघोबा. समितीच्या बैठकीत वाचून दाखवल्यावर एक बाई म्हणाली, ‘सर, देव आधी लिहा.’ पान नव्याने लिहिलं. पहिल्या ओळीत वाघोबा, दुसऱ्या ओळीत पाझर, तिसऱ्या ओळीपासून चुन्याचे दगड. आणि २३ समोर गोडाऊनवाल्याच्या सांगण्यावरून कंसात टाकलं: मागच्या बाजूला २४.